राणी रंगाची काच

रविवारी ती आईबाबांकडे पोचली तेव्हा बाबा टेबलाशी बसून मेणबत्तीकडे बघत होते. मेणबत्ती खरी नव्हती. गाणी ऐकायच्या छोट्या प्लेअरच्या पडद्यावर, अगदी वरच्या कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढी ती उभी होती, आणि बाबांचा चेहरा असा की जणू त्या मेणबत्तीने त्यांना भर बाजारात फसवलं आहे.

"आल्या तपासनीसबाई," मान वर न करता ते म्हणाले. "बसा. आणि ही बघा. सकाळपासून गाणी लावतोय, आणि ही बया कमी व्हायचं सोडून वाढत चाललीये."

"कोण वाढतेय?"

"मेणबत्ती, दुसरं कोण? बॅटरी उतरेल तशी हिनं वितळायला नको?"

तिने पर्स खांद्यावरून उतरवली, प्लेअर हातात घेतला आणि तिला हसू फुटलं. बॅटरीचं चित्र एकाखाली एक अशा छोट्या चित्रांच्या पट्टीतून तयार होत असे. बाबांनी पट्टी वरून खाली रंगवत आणली होती: सगळ्यात वर उंच, ताजी मेणबत्ती आणि सगळ्यात खाली नुसती वात.

"याला उलटं लागतं, बाबा. आधी रिकामी, शेवटी भरलेली."

"रिकाम्यापासून कोण सुरुवात करतं?"

"यंत्र करतं."

"यंत्राला रंगकाम शिकवलं नाही कुणी," बाबा म्हणाले.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "राहू दे गं तश्शीच. मला बरोबर कळतं. मेणबत्ती मोठी झाली की डबी चार्जिंगला लावायची. सरळ आहे."

"आई, असं जगात कुठेही नसतं."

"आपल्याकडे आहे. चहा घेणार ना?"

त्या घरात प्लेअरला डबी म्हणत. तिला तपासनीस म्हणत, कारण ती एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासायची. पुस्तक छापायला जाण्याआधी शेवटची नजर तिची. दिवसभर ती चुका शोधत असे, आणि बाबांच्या मते संध्याकाळी घरी येतानाही तिचे डोळे कामावरच असत. "आमच्या तपासनीसबाई वाटेत उभ्या राहून गाड्यांचे नंबरही तपासतात," असं ते शेजाऱ्यांना सांगत. हे अगदीच खोटं नव्हतं.

बाबांनी स्वतः आयुष्यभर पाट्या रंगवल्या. सगळा परिसर त्यांना पेंटर म्हणून ओळखे. नाव पोस्टमनला ठाऊक असावं. लाकूड, पत्रा, भिंत, सगळ्यावर त्यांचा हात चाले, पण जीव होता तो काचेवर. दुकानाच्या दर्शनी काचेवरची अक्षरं आतल्या बाजूने रंगवायची असतात, म्हणजे पावसाचा आणि पुसणाऱ्याच्या फडक्याचा त्यांना त्रास होत नाही. पण आतून रंगवायचं म्हणजे सगळाच उलटा कारभार. अक्षर उलटं, ओळ उलटी. आधी बारीक रेघा, मग अंग, आणि मागच्या रंगाचा हात सगळ्यात शेवटी. बाहेरून ते कसं दिसतं हे आत उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. त्यासाठी रस्त्याच्या पलीकडे कुणीतरी लागतं.

शाळेला सुट्टी असली की ते कुणीतरी म्हणजे ती. समोरच्या फुटपाथवर उन्हासाठी कपाळावर हात धरून ती उभी राही. बाबा आतून काचेवर टिचकी मारत आणि भुवया उंचावत. ती मान हलवी. मग ते हात पुसत बाहेर येत आणि विचारत, "कशी झालीये?"

उत्तर ठरलेलं होतं. पहिल्याच दिवशी, तिने तोंड उघडायच्या आत, त्यांनी ते ठरवून टाकलं होतं. "छान-बीन मालक म्हणेल. त्याला म्हणावंच लागतं, त्याचं दुकान आहे. तू फक्त एवढंच सांगायचं, वाचता येतेय का."

"वाचता येतेय," ती म्हणे. आणि बाबांचा चेहरा असा खुले की याहून जास्त काही म्हणायची गरजच वाटू नये.

पुढे तो घरातला शिरस्ताच झाला. तिचा निकाल लागला, वाचता येतोय. तिला नोकरी लागली, वाचता येतेय. आईने महिनाभर खपून पडदे शिवले, तेव्हाही बापलेकींनी एकमेकांकडे बघून गंभीरपणे मान डोलावली, "वाचता येतायत." आई भडकली होती. "एकदा नीट चांगलं म्हणालात तर जीभ झडेल का तुमची?" त्यावर दोघंही इतकी हसली की आईने पडदे परत काढायची धमकी दिली.

नंतर पाट्या मशीनवर छापून येऊ लागल्या. बाबांनी त्यावर कधी त्रागा केला नाही. एखाद्या नव्या पाटीसमोर थांबून ते फक्त म्हणत, "अक्षरांना श्वास घ्यायला जागा नाही ठेवली," आणि पुढे चालू लागत. मग गुडघ्यांनीही शिडीला नकार दिला. दिवस मोठे झाले. तेव्हा तिने आपल्या खणात कॉलेजपासून पडून असलेला प्लेअर त्यांना आणून दिला. फोनवर गाणी ऐकणं त्यांना जमत नव्हतं, "मधेच कुणीतरी बोलायला लागतं." ही डबी मात्र त्यांना पटली. एकच काम, ते मन लावून करणारी. खोट होती ती एकच.

"ही पाटी कुणी रंगवली?" पहिल्याच दिवशी पडदा डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी विचारलं होतं. "राखाडीवर राखाडी! असं दुकान चार दिवस चालायचं नाही."

तिने शोधाशोध केली. कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलेल्या असल्या प्लेअरसाठी हौशी लोकांनी स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलेलं होतं. ते आत घातलं की पडद्यावरचं प्रत्येक चित्र बदलता येत होतं: पार्श्वभूमी, खुणा, अक्षरं, सगळं. चौकट तीच, दार आपल्या पसंतीचं. हे बाबांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "शिडी लागणार नाही ना?"

"नाही."

"मग आण."

तेव्हापासून तिचे रविवार त्या टेबलाशी जाऊ लागले. आधी बाबा आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवत आणि ती ते तसेच्या तसे जुन्या लॅपटॉपवर भरे. तिचा वेग आणि तिच्या चुका पाहून त्यांचा संयम सुटला आणि त्यांनी लॅपटॉप आपल्या पुढ्यात ओढला. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात माऊस. सुरुवातीला तो त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे, आई म्हणे, "अहो, पळून नाही जाणार तो." हळूहळू डबीचं रूप पालटलं. गाण्यांच्या कप्प्यांच्या जागी पत्र्याच्या ट्रंका आल्या. बटणं बंद केली की कडी लागे. आवाज वाढवला की एक शिडी पायरी पायरीने उभी राही, कारण बाबांचं म्हणणं, मोठ्यांदा बोलायचं तर वर चढावं लागतं.

एकच गोष्ट त्यांना शेवटपर्यंत खटकत राहिली. सगळी चित्रं चौकोनी असत. मेणबत्तीभोवती चौकट दिसू नये म्हणून तिच्या आजूबाजूला एक ठरावीक रंग भरायचा. तो रंग दिसला की यंत्र तिथे काहीच काढत नसे. मागे जे असेल ते दिसू देई. आणि तो रंग होता झगझगीत राणी रंग.

"म्हणजे एवढा दिमाखाचा रंग, आणि यांनी तो पुसायला ठेवला?" बाबांना ते खरंच लागलं होतं. अत्तराच्या दुकानापासून शिंप्याच्या दुकानापर्यंत त्यांच्या कित्येक पाट्यांना त्याच रंगाची सावली होती. एकदा विसरून त्यांनी एका फुलाला तो दिला. पडद्यावर नुसता देठ उगवला. "फूल कुणी तोडलं?" त्यांनी आईकडे संशयाने बघत विचारलं होतं. तेव्हापासून ती दर वेळी बजावत असे, बाबा, तो रंग सोडून.

त्या रविवारीही चहा पिऊन झाल्यावर बाबांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "मुख्य पाटी केलीये."

मुख्य पाटी म्हणजे गाणं चालू असताना दिसणारं चित्र. बाकी सगळं झालं होतं, तेवढं एक राहिलं होतं. एका दुकानाचं आतलं दृश्य होतं ते. खाली काउंटरची कड, बाजूला लाकडी चौकट, कोपऱ्यात शिडीचा एक पाय आणि त्याला टेकवलेला रंगाचा डबा. लाकडाच्या रेषा इतक्या बारीक की त्यासाठी किती सकाळी गेल्या असतील देव जाणे. आणि मधोमध, दुकानाच्या भल्यामोठ्या काचेच्या जागी, सपाट, झगझगीत राणी रंग.

"बाबा, परत?"

"टाक तर खरं."

तिने चित्र प्लेअरमध्ये टाकलं, वायर काढली, प्लेअर पुन्हा चालू झाला. व्हायचं तेच झालं. चौकट आली, काउंटर आला, शिडी आली, आणि मधे काळंकुट्ट. गाण्याच्या नावाची अक्षरं उठून दिसावीत म्हणून सगळ्यात मागच्या चित्राच्या जागी काळा रंग तिनेच ठेवला होता.

"कशी झालीये?" बाबांनी विचारलं.

तिची बस निघायची वेळ झाली होती. घरी एका जाडजूड पुस्तकाची मुद्रितं वाट बघत होती. एक हात पर्सच्या पट्ट्यात घालत ती म्हणाली, "चुकलंय, बाबा. काचेच्या जागी भोक पडलंय."

बाबांनी प्लेअर घेतला, हात लांब करून पाहिला, मग जवळ आणून पाहिला. नाराज झाल्यासारखे ते मुळीच वाटले नाहीत. "भोक पडलंय म्हणतेस."

"पुढच्या रविवारी रंग बदलू. अगदी छटेची एक पायरी इकडेतिकडे केला तरी पुरतं. डोळ्याला फरकही कळायचा नाही."

"पुढच्या रविवारी," ते म्हणाले. "तसंही माझं अजून थोडं राहिलंय."

ती जिन्यात पोचली तेव्हा ते नेहमीप्रमाणे दारात येऊन म्हणाले, "खालचा दिवा गेलाय. कठड्याला धरून जा." आणि तीही नेहमीप्रमाणे न धरता गेली.

मंगळवारी सकाळी बाबा फिरायला निघाले होते. आई त्यांची पाण्याची बाटली भरून बाहेर आली तेव्हा ते दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, एक बूट पायात, दुसरा हातात. "अहो, नाडी मी बांधून देऊ का?" तिने विचारलं. मग पुन्हा विचारलं.

माणसं आली, बसली, उठली. कित्येक दुकानदार आले, काही तर अशा दुकानांचे की जी आता राहिलीही नव्हती. प्रत्येकाने आपापली पाटी आठवून सांगितली. ती सगळ्यांना पाणी देत होती, खुर्च्या सरकवत होती, ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं, आणि त्याचं तिला फारसं नवलही वाटत नव्हतं. आत एक वाक्य अडकून बसलं होतं, त्याच्या मागे बाकी सगळं तुंबलं होतं. चुकलंय, बाबा. भोक पडलंय. चहाबद्दल, मेणबत्तीबद्दल, जिन्याबद्दल त्या रविवारी कितीतरी बोलणं झालं होतं, पण त्यांचं काम बघून ती शेवटचं काय म्हणाली, तर हे. कामाविषयी बाबांना काय म्हणायचं, हे लहानपणापासून ठरलेलं असताना तिने तेवढंही म्हटलं नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर ती आईपाशीच राहिली. मुद्रितं तिथेच मागवून घेतली. बाबांच्या टेबलाशी न बसता ती स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून वाचायची. आई म्हणाली, "बस की तिकडे. टेबलाला काय झालंय?" तरी ती गेली नाही.

एका दुपारी आईच प्लेअर घेऊन आली. तो कधीचा बंद पडला होता.

"डबी लावून दे गं. घर फारच ऐकू यायला लागलंय."

चार्जिंग झालं. वर मेणबत्तीची नुसती वात उरली, म्हणजे बॅटरी काठोकाठ भरली. आईने एक ट्रंक उघडली, गाणं निवडलं, इयरफोन कानाला लावला आणि मग चष्मा पुढे ओढून पडद्याकडे पाहिलं.

"हे असंच राहिलं का?"

"काय?"

"हे मधलं. चांगलं दुकान आहे आणि मधे अंधारी." आईने पडदा पदराने पुसून पाहिला, जसा काही तो डाग होता. "त्यांचं आपलं चाललं होतं, रविवारी तिला दाखवतो, रविवारी तिला दाखवतो. मला विचारशील तर मला काही कळत नाही त्यातलं. पण असं अर्धं ठेवायचे नाहीत ते. कुणाची पाटी त्यांनी कधी अर्धी ठेवली नाही."

"मी करते नीट," ती म्हणाली.

त्या दिवशी ती पहिल्यांदा टेबलाशी बसली. लॅपटॉपवर बाबांच्या बोटांचे डाग होते. ते न पुसता तिने झाकण उघडलं. चित्र तिथेच होतं. राणी रंग मोजून मापून भरलेला, एक चौकोन इकडे नाही की तिकडे नाही. तिने त्याला एक पायरी बाजूला सरकवलं. डोळ्याला तो तसाच दिसत राहिला. यंत्रासाठी मात्र तो आता साधा रंग झाला होता, पुसून टाकायचा हुकूम नव्हे. चित्र प्लेअरमध्ये गेलं, पडदा विझला, पुन्हा पेटला.

काळं गेलं. दुकानाच्या मधोमध राणी रंगाचा मोठा ठोकळा येऊन बसला. भोक बुजलं होतं, आणि चित्र मेलं होतं. लाकडाच्या त्या बारीक रेषा त्या झगझगाटापुढे दिसेनाशा झाल्या होत्या.

आईने खांद्यावरून वाकून पाहिलं. "पडदा का लावलास गं?"

"पडदा नाही, आई. काच आहे ती. बाबांनीच दिला होता हा रंग."

"काचेला?"

"हो."

"कशाला द्यायला गेले! काच कुणी रंगवतं का?" आई अशा सुरात म्हणाली की जणू भाजी कुणी धुतल्याशिवाय चिरतं का. "अक्षर रंगवायचं. काच सोडून द्यायची. सगळी काच रंगवली तर पलीकडचं दिसणार कसं? इतकी वर्षं त्यांचे ब्रश धुतलेत मी, एवढं तर मलाही कळतं."

ती पडद्याकडे बघत राहिली.

फूल गेलं तेव्हा बाबांनी ते थट्टेत घेतलं होतं, पण ती चूक त्यांनी पुन्हा कधी केली नव्हती. ट्रंका, कड्या, शिड्या, सगळ्यांच्या भोवती तो रंग त्यांनी अचूक भरला होता आणि आत कुठेही येऊ दिला नव्हता. जे सोडून द्यायचं ते कोणत्या रंगाने सोडायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. टाक तर खरं, ते म्हणाले होते. माझं अजून थोडं राहिलंय, म्हणाले होते. त्यांनी काच रंगवली नव्हती. काच सोडली होती. राहिलं होतं ते काचेपलीकडचं.

"आई, त्या रविवारनंतर बाबा इथे बसले होते?"

"सोमवारी? दिवसभर. जेवायला तीनदा हाक मारली. शेवटी ताट इथे आणून दिलं, तर म्हणे, बाजूला ठेव, ओलं आहे." आई हसली, आणि हसता हसता तिने ओठ आवळून धरले. "लॅपटॉप गं. ओलं आहे म्हणे."

बाबा चित्रांना नावं देत नसत. यंत्र आपोआप देईल ते नाव आणि त्यापुढचा आकडा, आणि ठेवायची जागाही यंत्राच्याच मर्जीची. ती एकेक उघडत गेली. अर्धवट कडी. वाकडी झालेली ट्रंक. मेणबत्त्या, मेणबत्त्या, एक उगीचच निळी मेणबत्ती. नुसत्या लाकडाच्या रेषांचा सराव. मग एक चित्र उघडलं ते पडद्याच्या अचूक मापाचं होतं, आणि त्याची तारीख सांगत होती, शेवटचा हात त्यावर सोमवारी फिरला होता.

रस्ता होता. रस्त्यापलीकडे फुटपाथ, एका बंद दुकानाचं शटर, त्याला टेकवलेली सायकल. आणि मधे, फुटपाथच्या कडेला, एक मुलगी. एका वेणीची रिबन सुटलेली, एक मोजा घसरलेला, कपाळावर हात धरून ती थेट समोर बघत होती. तिचा फ्रॉक राणी रंगाचा होता.

"अगंबाई," आई म्हणाली. "हा तोच फ्रॉक."

"कुठला?"

"तुला नाही आठवणार. पांढरा होता. त्यांच्या डब्याला घासलीस आणि पाठीवर एवढा मोठा डाग करून आलीस. काही केल्या जाईना. मग म्हटलं, डाग जात नाही ना, तर सगळा फ्रॉकच त्या रंगात बुडवू. महिनाभर माझे हात तसेच होते."

तिला फ्रॉक आठवत नव्हता. काचेवरची टिचकी आठवत होती. आतून काय दिसत असेल, याचा विचार तिने कधी केलाच नव्हता. ती नेहमी बाहेर असायची आणि अक्षरांकडे बघायची. बाबा काचेतून कोणाकडे बघत होते ते तिला आत्ता दिसत होतं.

चित्राचा खालचा भाग कोराच होता, आणि क्षणभर तिला वाटलं, म्हणजे राहिलंच. मग तिने नीट पाहिलं. कोरी पट्टी बरोबर काउंटरच्या कडेपाशी सुरू होत होती. जे काउंटरच्या आड जाणार तेवढंच त्यांनी काढलं नव्हतं. म्हणजे काहीच राहिलं नव्हतं. सोमवारीच त्यांनी ते पुरं केलं होतं आणि रविवारची वाट बघत बसले होते.

तिने आधी आपली दुरुस्ती काढून टाकली. राणी रंग पुन्हा आपल्या मूळ पायरीवर गेला. मग काळी पार्श्वभूमी काढून तिथे हा रस्ता ठेवला. तिने प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली, मुद्रितं तपासते तशी. शेवटी एक शंका उरलीच. फ्रॉकचं काय होणार? तो रंग दिसला की यंत्र मागचं दाखवतं. मग तिला आठवलं की सगळ्यात मागच्या चित्राला तो नियम नाही. त्याच्या मागे दाखवायला आणखी काही उरलेलंच नसतं.

वायर काढली. पडदा विझला.

आईने इयरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं आणि दुसरं तिच्या. गाणं सुरू झालं, जुनंच, बाबा ब्रश साफ करताना गुणगुणायचे ते. पडद्यावर दुकान आलं: काउंटर, चौकट, शिडीचा पाय, डबा. आणि काचेतून रस्ता दिसला. ऊन पडलेला, मोकळा. पलीकडे मुलगी उभी होती, फ्रॉकसकट. मग गाण्याचं नाव आलं आणि एकेक अक्षर सरकत, जसं कुणी आत्ताच रंगवत आहे, काचेवर पसरलं.

तिच्या नजरेने आधी चूकच शोधली. अक्षरं इकडून सरळ वाचता येत होती. म्हणजे रस्त्यापलीकडून ती उलटी दिसणार. जन्मभर काचेवर उलटी अक्षरं काढणाऱ्या माणसाच्या पाटीत ही एवढी मोठी चूक. तिच्या जिभेवर शब्द आलेसुद्धा. बाबा, तिला हे वाचता यायचं नाही.

पण मुलगी कपाळावरचा हात खाली घेत नव्हती. अक्षरं उलटी की सुलटी, याचं तिला काही नव्हतं. ती अक्षरांकडे बघतच नव्हती. ती काचेच्या आत बघत होती, जिथे आत्ता त्या दोघी होत्या तिथे, आणि टिचकी ऐकू यायची वाट बघत होती.

"काय गं," आई हळूच म्हणाली. चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या म्हणून तिने तो काढून हातात धरला होता, आणि आता तिला फक्त रंग दिसत असणार. "मला नीट दिसत नाहीये. तू सांग. कशी झालीये?"

ठरलेलं उत्तर ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. त्याच्या मागे इतकी वर्षं काय उभं होतं, ते तिला आता दिसत होतं. तिने प्लेअर दोन्ही हातांत धरला, बाबा धरायचे तसा, आधी लांब, मग जवळ. आवाज निघाला तो आईला सांगितल्यासारखा नव्हता.

"सुंदर झालीये, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्याच पाट्या सुंदर होत्या."